नक्कल, रुजवात आणि संगणकातील दप्तर

(बडनेरा येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यापुढे माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



संगणकातील माहितीच्या फाईलींच्या प्रती करणे, त्या सुरक्षित ठेवणे आणि त्या टेबलोटेबली पोहोचविणे, असा आजचा विषय आहे. तो ऐकून काही मंडळींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. ज्या बडनेऱ्यात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तेथे कला शाखेच्या पदवीधराने या विषयावर बोलावे हे थोडे धाडसाचेच म्हटले पाहिजे. परंतु मी हा विषय यंत्राचा म्हणून मांडणार नसून दप्तराचा म्हणून मांडणार आहे. आणि दप्तर ही तर आपल्या सर्वांच्या रोजच्या व्यवहारातली गोष्ट आहे.

तहसिलीतून एखाद्या जुन्या कागदाची प्रमाणित नक्कल आपण काढता, तेव्हा तिच्या तळाशी उमटलेला शिक्का कधी नीट वाचून पाहिला आहे काय? नक्कल करणार कोण, आणि रुजवात घेणार कोण, अशा दोन निरनिराळ्या सह्या त्यावर असतात. एकाने लिहावयाचे आणि दुसऱ्याने मूळ कागद समोर ठेवून शब्दनशब्द ताडून पाहावयाचे. ही रुजवात झाल्यावाचून त्या कागदाला नक्कल म्हणत नाहीत. तो नुसताच लिहिलेला कागद. आपल्या पूर्वीच्या कारकुनांनी ही पद्धत का घातली असावी? लिहिणाऱ्याची चूक लिहिणाऱ्याला दिसत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते म्हणून. आज मी जे काही सांगणार आहे ते बहुतांशी याच दोन सह्यांविषयी आहे.

जुन्या प्रतींचे मोल या वऱ्हाडात तरी नव्याने सांगावयास नको. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी ज्यात होत ते कोतवाल बुक घ्या. कोणा कोतवालाच्या सांगण्यावरून लिहिली गेलेली एक ओळ, आणि शंभर वर्षांनी त्या ओळीच्या नकलेवर एखाद्या विद्यार्थ्याची जातपडताळणी होते, महाविद्यालयातील प्रवेश ठरतो. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टराचीही तीच गोष्ट आहे. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामाच्या निमित्ताने राज्यातील कार्यालये, शाळा यांतून १९६७ पूर्वीचे दप्तर काढून तपासले गेले, तेव्हा कुठला बस्ता शाबूत आहे आणि कुठल्या बस्त्याची वाळवीने माती केली आहे, हे पुष्कळांना प्रथमच कळले. जेथे कागद टिकला तेथे माणसाचे काम झाले. याहून अधिक स्पष्टीकरणाची आवश्यकता नाही.

आता दप्तर संगणकात गेले आहे. भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रयोग केंद्र शासनाने १९८८-८९ साली देशातील आठ जिल्ह्यांत प्रथम केला. महाराष्ट्रातून त्यासाठी निवडलेला जिल्हा म्हणजे आपला शेजारी वर्धा. त्यानंतर तालुकावार संगणक आले, ई-फेरफार आले आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. ही मोठी दप्तरे राज्यस्तरावरील केंद्रात ठेवली जातात, आणि त्यांच्या प्रतींची काळजी वाहण्यासाठी तज्ज्ञ मंडळी नेमलेली आहेत. त्याविषयी मला येथे काही सांगावयाचे नाही. मला चिंता आहे ती लहान दप्तरांची. पाणीपट्टीच्या मागणीची यादी, शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांची सूची, वाचनालयाचे दाखलनोंद पुस्तक, सोसायटीच्या सभासदांची नावे, अतिवृष्टीच्या पंचनाम्यांची यादी. कोणा हौशी शिक्षकाने किंवा होतकरू ऑपरेटरने ॲक्सेससारख्या डेटाबेसमध्ये ती बसविलेली असते. कार्यालयातील एका कोपऱ्यातल्या एका संगणकावर तिची एकच फाईल असते. आणि त्या फाईलीचा वाली म्हणावा तर तोच एक माणूस. त्याची बदली झाली की फाईल पोरकी होते.

शून्य फाईली

एक हकीकत सांगतो. कार्यालयाचे नाव सांगत नाही, कारण माझाही त्या चुकीत वाटा आहे. पावसाने पिके गेली होती आणि पंचनाम्यांची नोंद एका डेटाबेसमध्ये होत होती. तेथील ऑपरेटर अत्यंत प्रामाणिक मुलगा. त्याने एक स्क्रिप्ट लिहिली होती. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला लिहून दिलेली आज्ञांची यादी. रोज सायंकाळी सहा वाजता संगणकाने आपणहून ती वाचावी आणि फाईलीची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी, अशी योजना होती. वेळ वाचावा म्हणून त्याने त्यात एक शहाणपणाची अट घातली होती: मूळ फाईल जर प्रतीपेक्षा नवी असेल तरच नक्कल करावी, एरवी नाही.

अट चुकीची नव्हती. परंतु त्या जुन्या संगणकातील घड्याळाची लहानशी बॅटरी संपलेली होती. वीज गेली की संगणकाचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाऊन उभे राही, आणि आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे मी कशाला सांगू? त्या कार्यालयात इंटरनेटही नव्हते, की ज्यायोगे घड्याळ आपोआप दुरुस्त व्हावे. परिणाम असा झाला की आज केलेल्या नोंदींवर दहा-बारा वर्षांपूर्वीची तारीख पडू लागली. स्क्रिप्टने दोन्ही तारखा पाहिल्या, मूळ फाईल जुनी आणि प्रत नवी असा निवाडा दिला आणि नक्कल केली नाही. दुसऱ्या दिवशीही केली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. असे सात आठवडे चालले. रोज सायंकाळी पडद्यावर एक ओळ उमटत होती: शून्य फाईलींची नक्कल झाली. ती ओळ कोणी वाचली नाही. खिडकी उघडे, क्षणभर दिसे, मिटे. म्हणजे काम झाले, अशी सर्वांची समजूत.

मग मूळ डिस्क बंद पडली. काळजीचे कारण नाही, कालची प्रत आहे, असे म्हणून ती प्रत उघडण्यात आली. त्याच सायंकाळी मी प्रसिद्धीपत्रकासाठी आकडे मागावयास गेलो. मला आकडे मिळाले, मी ते तपासून पाहिले नाहीत, आणि प्रसिद्धीपत्रक रवाना केले. दुसऱ्या दिवशी सकाळी एका गावचे चार-पाच शेतकरी वर्तमानपत्र हाती घेऊन कार्यालयाच्या पायऱ्यांवर उभे होते. त्यांच्यातले एक वयस्क गृहस्थ मला इतकेच म्हणाले, ‘साहेब, आमचं गावच नाही जी तुमच्या यादीत.’ आवाज चढलेला नव्हता. ते गाव यादीत नव्हते, कारण त्या गावचे पंचनामे त्या सात आठवड्यांत नोंदले गेले होते.

सुदैवाने पंचनाम्यांचे मूळ कागद कपाटात बांधून ठेवलेले होते. तिघांनी रात्री बसून ते पुन्हा नोंदले, आणि मी खुलाशाचे दुसरे पत्रक काढले. कागद नसते तर काय झाले असते, याचा विचार मी अद्यापही करतो. त्या मुलाला मात्र कोणी दोष देऊ नये. त्याने नक्कल करणाऱ्याची सही केली होती. रुजवात घेणाऱ्याची सही करावयास त्या कार्यालयात कोणी नव्हते.

ही चूक केवळ आपल्याच आडगावी होते असे समजून वाईट वाटून घेऊ नका. संगणक-प्रणाली लिहिणाऱ्यांना त्यांचे काम सांभाळून ठेवण्याची सोय देणारी गिटलॅब नावाची जगप्रसिद्ध संस्था आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका अभियंत्याच्या हातून चालू माहितीचा साठा पुसला गेला. प्रती करण्याच्या एक ना दोन, पाच पद्धती त्यांनी योजल्या होत्या. पाहतात तो त्यांतील एकही धड उपयोगी पडेना. रोज प्रत करणारी आज्ञा आवृत्तीच्या विसंगतीमुळे कित्येक दिवस अयशस्वी होत होती, आणि ती अयशस्वी झाल्याचे सांगणारी ई-पत्रे पोहोचतच नव्हती. सहा तासांपूर्वी सहज म्हणून घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून निभावले. त्यांनी ही सर्व हकीकत स्वतः जगासमोर मांडली, याबद्दल मला त्या मंडळींविषयी आदर वाटतो.

स्क्रिप्टने काय करावे

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. स्क्रिप्ट लिहिणे अवघड नाही. विंडोज संगणकात कॉपी, एक्सकॉपी, रोबोकॉपी या आज्ञा आधीपासूनच असतात. त्या एका साध्या मजकूर-फाईलीत ओळीने लिहावयाच्या आणि टास्क शेड्यूलरला वेळ नेमून द्यावयाची. दहावीचा विद्यार्थी हे एका दुपारी शिकू शकेल. अवघड आहे ते कशाची, केव्हा आणि कोठे नक्कल करावयाची हे ठरविणे.

पहिली गोष्ट अशी की, उघड्या वहीची नक्कल करू नये. एखादा कारकून नोंदी लिहीत असताना दुसऱ्याने तीच वही ओढून उतरवून घ्यावयास प्रारंभ केला, तर अर्धी नोंद जुनी आणि अर्धी नवी उतरेल. डेटाबेसचे तंतोतंत असेच होते. ॲक्सेसची फाईल कोणी उघडलेली असली की तिच्या शेजारी त्याच नावाची एक छोटी कुलूप-फाईल दिसू लागते, आणि शेवटच्या माणसाने काम बंद केले की ती नाहीशी होते. स्क्रिप्टने प्रथम हे कुलूप आहे काय ते पाहावे. असेल तर नक्कल करू नये, आणि तसे नोंदवून ठेवावे. संगणक मध्येच बंद पडला असेल तर कधीकधी रिकाम्या घराला कुलूप राहून जाते. ते पुसू दिले जात असेल तर आत कोणी नाही असे समजावे.

दुसरी गोष्ट नावाची. प्रतीचे नाव नेहमी एकच ठेवले तर आजची प्रत कालच्या प्रतीच्या उरावर बसते. मूळ फाईल आज बिघडली असेल तर चांगली प्रत पुसून तिच्या जागी बिघडलेली येते. यास्तव नावात तारीख घालावी, आणि ती आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी घालावी, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. येथे एक खोच आहे. संगणक तारीख कशी लिहितो हे त्याच्या प्रादेशिक मांडणीवर अवलंबून असते. एका संगणकावर दिवस आधी येतो, दुसऱ्यावर महिना आधी. कोठे मध्ये आडवी रेघ असते, तर कोठे तिरपी. तिरपी रेघ फाईलीच्या नावात चालत नाही, तेव्हा प्रत तयारच होत नाही. एका टेबलावर उत्तम चालणारी स्क्रिप्ट शेजारच्या टेबलावर मुकाट्याने नापास होते ती बहुधा यामुळे. तसेच, मराठीचा अभिमान बाळगूनही सांगतो की, स्क्रिप्टसाठी फाईलींची नावे रोमन अक्षरांत आणि आकड्यांतच ठेवावीत. आज्ञांच्या त्या काळ्या खिडकीत देवनागरी नावांची पुष्कळदा प्रश्नचिन्हे होतात.

प्रती किती ठेवाव्यात? चुंबकीय फितींच्या काळापासून संगणकाच्या धंद्यात आजा, बाप आणि नातू अशी एक रीत आहे. गेल्या सात दिवसांच्या सात प्रती, गेल्या चार आठवड्यांच्या चार, आणि वर्षाच्या बारा महिन्यांच्या बारा. चूक आज लक्षात आली तर नातू कामाला येतो. मार्चअखेरच्या हिशेबात ती सापडली तर आजाकडे जावे लागते. जागा किती लागेल म्हणून घाबरू नका. ॲक्सेसची फाईल मुळात २ गिगाबाइटच्या पलीकडे वाढूच शकत नाही.

ही मर्यादा मात्र ध्यानी ठेवावी. भांडे भरले की सांडते, आणि सांडलेले नेहमी दिसतेच असे नाही. इंग्लंडात २०२० च्या ऑक्टोबरात करोनाच्या सुमारे १६ हजार रुग्णांची नोंद सरकारी आकड्यांतून गळल्याचे उघडकीस आले. कारण काय, तर माहिती जुन्या पद्धतीच्या तक्त्यात भरली जात होती, आणि त्या तक्त्यात ६५,५३६ हून अधिक ओळी मावत नाहीत.

प्रत कोठे ठेवावी, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा. त्याच संगणकात दुसऱ्या फोल्डरात ठेवलेली प्रत म्हणजे एकाच खिशात ठेवलेल्या दोन किल्ल्या. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली, पाच माणसे प्राणास मुकली आणि वरच्या मजल्यांवरील कार्यालयांतले कागद भस्मसात झाले. जेथे राज्याचा कारभार चालतो तेथे हे घडू शकते, तर ग्रामपंचायतीच्या एका खोलीची कथा काय? एक प्रत नव्या वस्तीत असेल तर दुसरी जुन्या वस्तीत असावी. आणि निदान एक प्रत कोणत्याही संगणकाला जोडलेली नसावी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रणालीने जगभरच्या संगणकांतील फाईली कुलूपबंद केल्या होत्या. असल्या प्रणालीला चालू संगणकाला जोडलेली बॅकअपची डिस्कही सोडावीशी वाटत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा डिस्क जोडावी, नक्कल घ्यावी, डिस्क काढावी आणि कपाटात ठेवावी.

रोबोकॉपीत आरसा धरण्याची एक सोय आहे. मूळ फोल्डर जसे असेल तसे हुबेहूब दुसरीकडे दिसावे, ही ती सोय. मूळ फोल्डर कोणी चुकून रिकामे केले, तर ही आज्ञा तितक्याच निष्ठेने प्रतही रिकामी करते. बॅकअपच्या कामी मी तरी ती वापरू नये असेच म्हणेन.

वाटपाची शिस्त

प्रती करण्याइतकेच त्या वाटण्याचे काम नाजूक आहे. चार टेबलांवर एकच डेटाबेस वापरावयाचा असेल तर त्याचे दोन भाग करावेत. नोंदींचे दप्तर एका भागात, आणि नोंद करण्याचे नमुने, तक्ते व छपाईची मांडणी दुसऱ्या भागात. दप्तर एकाच ठिकाणी राहावे. नमुन्यांची प्रत प्रत्येकाच्या टेबलावर असावी. नमुन्यांची एकच फाईल सर्वांनी दुरून उघडली तर ती आज ना उद्या बिघडते. आणि वायरलेस जोडणीवरून दप्तर चालविणे तर टाळावेच, कारण जोडणी क्षणभर तुटली तरी अर्धवट नोंद मागे राहते. नमुन्यात सुधारणा झाली की नवी प्रत कोणी हिंडून वाटावयाची नाही. सकाळी काम सुरू करताना एका छोट्या स्क्रिप्टने आपल्याकडील आवृत्तीचा क्रमांक मुख्य ठिकाणच्या क्रमांकाशी ताडून पाहावा, निराळा असल्यास नवी प्रत आणावी आणि मग फाईल उघडावी.

खेडोपाडी जेथे जोडणी नाही तेथे पेनड्राइव्हवरून अख्खे दप्तरच पाठविले जाते, आणि खरा घोटाळा तेथे होतो. पाच गावांना पाच प्रती गेल्या, पाचांनी आपापल्या प्रतीत दुरुस्त्या केल्या, आणि महिन्याअखेर पाच निरनिराळी सत्ये कार्यालयात परत आली. यांतील खरे कोणते? वाटलेली प्रत वाचण्यासाठी आहे, दुरुस्ती कळवावयाची ती कागदावर अथवा ठरलेल्या नमुन्यात, आणि दप्तरात फेर करावयाचा तो एकाच ठिकाणी, हे आधी ठरले पाहिजे. येथे स्क्रिप्ट काही करू शकत नाही. हे पंचायतीच्या ठरावाचे काम आहे.

आणखी असे की, वाटावयाच्या प्रतीत सर्वच रकाने असण्याचे कारण नाही. ज्याला नाव आणि गट क्रमांक पुरेसा आहे त्याच्या हाती आधार क्रमांक आणि बँकेचे खाते कशासाठी द्यावयाचे? व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली संमत केला आहे. कायदा नसता तरी शेजाऱ्याचे खातेपुस्तक गावभर फिरवू नये, ही रीत आपल्याकडे होतीच.

शिक्षक बंधूंसाठी एक खास गोष्ट. बऱ्याच शाळांतून पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या याद्या जुन्या मराठी टंकांत नोंदलेल्या आहेत. त्या काळी प्रत्येक टंकाची अक्षरांची मांडणी निराळी असे. फाईल जशीच्या तशी नव्या संगणकावर आणली, पण तो टंक आणला नाही, की विद्यार्थ्याच्या नावाऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. फाईल शाबूत आहे, एकही अक्षर गळलेले नाही, आणि तरीही वाचता येत नाही. मोडी लिपीतल्या कागदापुढे आपण जसे निरुत्तर उभे राहतो, तशीच ही गत. अशा याद्या जोवर तो जुना टंक आणि तो जाणणारा माणूस जवळपास आहे, तोवर युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्यात आणि उतरविल्यावर जोडाक्षरांची, विशेषतः रफाराची, एकेक करून रुजवात घ्यावी. आडनावातला रफार जागचा हलला की माणूसच बदलतो.

रुजवातीची पद्धत आता सांगतो. स्क्रिप्टने रोज एका मजकूर-फाईलीत, तिला आपण रोजनामा म्हणू, एक ओळ लिहावी: तारीख, वेळ, नक्कल झाली की नाही, मूळ फाईलीचा आकार, प्रतीचा आकार. कार्यालयप्रमुखाने अथवा मुख्याध्यापकांनी दर सोमवारी तो रोजनामा उघडून पाहावा आणि हजेरीपटाप्रमाणे त्यावर नजर टाकल्याची सही एका वहीत करावी. आणि महिन्यातून एकदा, ज्याने स्क्रिप्ट लिहिली नाही अशा माणसाने प्रत निराळ्या संगणकावर नेऊन उघडावी, एकूण नोंदी मोजाव्यात, आणि कोणत्याही दहा नोंदी कागदाशी ताडून पाहाव्यात. अर्धा तास लागतो. मी स्वतः हे काम आता करतो, आणि प्रसिद्धीपत्रकासाठी आकडे मागितले की ते कोणत्या तारखेच्या प्रतीतले, हेही विचारतो. काही कार्यालयांना याचा थोडा रागही येतो.

येथे समोर टेबलावर दोन संगणक मांडून ठेवले आहेत. डावीकडच्या संगणकावर काल्पनिक नावांची पाणीपट्टीची एक यादी आहे. तिच्या तीनशे बारा नोंदींची छापील प्रत आपणांस वाटली आहे. भाषण सुरू होण्यापूर्वी स्क्रिप्टने त्या यादीची नक्कल उजवीकडच्या संगणकावर केलेली आहे, आणि मी ती अद्याप उघडून पाहिलेली नाही. पंचायतीच्या सदस्यांपैकी कोणी दोघांनी पुढे यावे. एकाने पडद्यावरचे नाव वाचावे आणि दुसऱ्याने कागदावर खूण करावी. शेवटून प्रारंभ करू, कारण नोंदी गळतात त्या बहुधा शेवटच्या.